सही जुळत नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार
चेक परत आला. नातीच्या बेसबॉल शिबिराचा. मितूच्या कोचनी संकोचत फोन केला, "मॅडम, सही जुळत नाही म्हणतात." मी हसून म्हटलं, पेन खराब असेल, रोख पाठवते. फोन ठेवला आणि उजवा हात पदराखाली घेतला. घरात कोणी नव्हतं तरी.
पेन चांगलं होतं.

४ फेब्रु., बुधवार
आईचं असंच सुरू झालं होतं. आधी बशीत चहा सांडायचा. मग ब्लाऊजचे हुक लागेनात. शेवटी शेवटी मी भरवायचे आणि ती भिंतीकडे बघत घास गिळायची. सुरुवात झाली तेव्हा ती माझ्या आताच्या वयाची...
प्रज्ञाला सांगायचं नाही. लेक दिवसभर मिहानमधल्या कंपनीत राबते, दमून येते. आज येताना माझ्यासाठी झाकणाचा मोठा मग घेऊन आली. "ऑफिसात सगळ्यांना फुकट वाटले." मला कशाला? माझी कपबशी बरी आहे.

६ फेब्रु., शुक्रवार
टीव्हीवर आपल्या मुलींचा जुना हॉकी सामना. निकाल पाठ आहे, तरी शूटआउट आलं की मी स्वयंपाकघरात पळते. एक मुलगी, एक गोलकीपर आणि आठ सेकंद. ही हॉकी नव्हे, छळ आहे. ज्याने हा नियम काढला त्याला उभं करा एकदा तिथे.
आम्ही शाळेच्या मुरमाड मैदानावर खेळायचो. फिलोमिना गोलमध्ये, मी लेफ्ट विंगला. सिस्टर आग्नेस झगा सावरत शिट्टी वाजवत धावायच्या. चेंडू खड्याला लागून कुठेही उडायचा, पण माझी स्टिक आधीच तिथे असायची. असं मनगट होतं माझं.
बेसबॉल मला आधी कळायचाच नाही. आता वाटतं, दयाळू खेळ आहे. घड्याळच नाही. शेवटची मुलगी बाद होत नाही तोवर काहीही होऊ शकतं.
डाव्या हाताने वरण वाढलं. कोणाच्या लक्षात आलं नाही.

९ फेब्रु., सोमवार
बँकेत गेले. पूर्वी कॅशियर नावाने ओळखायचे, आता मशीन नंबर पुकारतं. पेन मात्र अजून दोरीनेच बांधलेलं. इतक्या वर्षांत एवढाही विश्वास बसला नाही आमच्यावर.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, सहीचा नवा नमुना देऊन द्या. तीनदा करा, तिन्ही सारख्या पाहिजेत." पहिली झाली. दुसरीत आडनाव रेघेखाली घसरलं. मुलगी भली आहे, हळूच म्हणाली, "अंगठा लावून द्या ना. दोन साक्षीदार आणा, झालं. काही टेन्शन नाही."
अंगठा.
चष्मा विसरले म्हणून सांगितलं आणि निघाले. चष्मा डोळ्यांवरच होता.

१० फेब्रु., मंगळवार
बाबा गिरणीत पगाराच्या कागदावर अंगठा द्यायचे. घरी आले की आधी ती शाई दगडाने घासायचे, मग जेवायला बसायचे. छप्पन साली दीक्षा घेतली त्याच दिवशी त्यांनी ठरवलं होतं, आपली पोरं शिकतील. मला कॉन्व्हेंटात घातलं. खेळाची शिक्षिका झाले आणि पगाराचं खातं उघडायला निघाले, तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सोबत आले. माझा हात तेव्हाही कापत होता. पण तो आनंदाने.
"घाई नको करू वं पोरी. साहेब थांबते. नाव पुरं लिव."
साहेब खरंच थांबले. त्या दिवसाच्या सहीशी आता माझी जुळत नाही.
बाबा, अंगठा नाही लावणार.

१२ फेब्रु., गुरुवार
इंग्रजी गिरवायची चार रेघी वही आणली. दुकानदार म्हणाला, "नातवासाठी?" मी हो म्हटलं. दोन पानं भरली. पहिल्या ओळी बऱ्या, खालच्या बघवत नाहीत.
फिलोला फोन केला. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लेफ्ट विंग! घाबरून काहून राहिली वं? डॉक्टरले दाखव."
म्हटलं, तू गोलमध्ये कधी घाबरली नाहीस, तुला काय कळणार.
"मी? मी तर डोळे मिटून उभी राहायची! बॉल आपोआप पॅडले लागे."
इतकी वर्षं मी तिच्या भरवशावर पुढे धावत होते! खूप हसलो. फोन ठेवल्यावर भीती होती तिथेच होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं की ते खरं होईल.

१४ फेब्रु., शनिवार
मितूला वही सापडली. पंधरा वर्षांची पोर, कॅचर आहे, तिच्या हातून काही सुटत नाही.
"आजी, तू स्वतःचंच नाव का लिहून राहिली?"
सांगितलं. आईला बोलायचं नाही अशी शपथ घातली. तिने माझी जुनी स्टिक काढली, तिच्या मुठीवरची पट्टी सोडवली आणि पेनावर घट्ट गुंडाळली. पेन काकडीएवढं झालं. पण हातात बसलं. कंप गेला नाही, थोडा आवरला.
मग मला ग्लोव्ह घालून गल्लीत उभं केलं. हळू टाकत होती चेंडू. सातपैकी सहा पकडले.
"आजी, तू तर भारी आहे यार!"
आमच्या नंदनवन कॉलनीतल्या सगळ्या गच्च्या बघत होत्या. बघू देत.
पण चेंडू डाव्या हाताने झेलतात. उजव्याला कोणी काही विचारलंच नाही.

१७ फेब्रु., मंगळवार
शाळा बुडवून मितू सोबत आली. तीच मुलगी काउंटरवर. जाड पेन बघून हसू दाबलं तिने. मागे रांग. एक गृहस्थ घड्याळ बघत होते. आठ सेकंद आठवले. मितू कानाशी म्हणाली, "आजी, टाइमर नाही आहे. आरामात."
नाव पुरं लिहिलं. तीनदा. तिन्ही वाकड्या, पण तिन्ही एकसारख्या वाकड्या. मुलीने कितीतरी वेळ बघितलं. "वर पाठवते, काकू. मंजूर झालं की मोबाईलवर मेसेज येईल."

१८ फेब्रु., बुधवार
मेसेज नाही. फोन पदराला बांधल्यासारखा घेऊन फिरते. नामंजूर झालं असेल तर? वरचा साहेब थांबेल का?
सकाळी प्रज्ञाने माझ्या हातून दुधाचं पातेलं घेतलं. "राहू दे, मी उतरवते." मग एकदम, "आजीला सुरुवात कशी झाली होती गं?" मी म्हटलं, आईचं आता आठवत नाही. तिनेही पुढे विचारलं नाही.

१९ फेब्रु., गुरुवार
शिवजयंती, बँक बंद. म्हणजे आजही मेसेज नाही, असं धरून बसले होते. बाहेर ढोल चालले होते. प्रज्ञा माझ्या पलंगावर येऊन बसली आणि तिचा फोन माझ्यापुढे धरला. सहीचा नवा नमुना मंजूर. कालच आला होता.
तुझ्या फोनवर कसा?
"आई, खात्याला नंबर माझाच दिलाय. तू तेव्हा मोबाईल कुठे वापरायचीस?"
मी विसरलेच होते. मग हळूहळू उजेड पडला. म्हणजे चेक परत आल्याचा पण...
"तीन तारखेलाच आला. तू सांगशील म्हणून वाट बघत होते." मग खाली बघून, "खरं म्हणजे मलाच विचारायची भीती वाटत होती."
तो झाकणाचा मग. ते पातेलं. सोळा दिवस आम्ही दोघी एकाच घरात एकमेकींपासून हा हात लपवत होतो.
तिने डॉक्टरांची वेळ घेतली आहे. उद्या अकरा. डाव्या हाताने तिचे डोळे पुसायला गेले, तर तिने उजवा ओढून घेतला आणि दोन्ही हातांत धरून बसली. कापत होता. कापू दिला.
मितू बाहेर भिंतीवर चेंडू मारते आहे.
आत्ता प्रज्ञा दारातून विचारून गेली, "उद्या मी आत येऊ, की बाहेर थांबू?"
सांगते म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.