ज्युनिपरला गुंडाळलेला मफलर

बाबा,

तुम्ही उठायच्या आत लवकरच्या लुआस ट्रामने कामाला निघतोय, कारण तोंड दाखवायची लाज वाटतेय. केतकीही माझ्याशी बोलत नाहीये. सासऱ्यांवर, तेही पोरांसमोर, एका बोन्सायवरून कोणी असं ओरडतं का?

ज्युनिपरचं झाड इथल्या थंडीतच नीट जगतं, घरात आणलं की वाळतं, हे तुम्हाला कसं माहीत असणार? पाच वर्षं तारा गुंडाळून मी त्याची एकेक फांदी वळवतोय. ते हॉलमध्ये हीटरजवळ आणून ठेवलेलं दिसलं आणि माझं डोकंच फिरलं.

आज बाल्कनीत गेलो, तर कुंडीला तुमचा मफलर गुंडाळलेला. एवढी बोलणी खाऊनही तुम्हाला त्याचीच काळजी! मफलर सोडवायला माझा हात धजला नाही.

मग तुमच्या खोलीत डोकावलो. तुम्ही स्वेटर आणि मोजे घालून झोपला होतात आणि हीटर बंद होता. तो कसा लावायचा, हे मी दाखवलंच नव्हतं. आता लावून ठेवलाय.

झाडाला थंडी लागत नाही, हे काल दहादा ओरडून सांगितलं. तुम्हाला लागते का, हे तुम्ही आल्यापासून एकदाही विचारलं नाही.

विनय