डाव्या बाजूचा दिवा

लातूर
१० नोव्हेंबर १९९६

चि. सौ. महादेवी हिस,
अण्णाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात तुझ्या कन्येनं या घरात युद्धपर्व सुरू केलं आहे.

वर्षाराणीला बारावीसाठी माझ्याकडे धाडलंस तेव्हा मी तिला रस्त्याकडची खोली दिली. टेबल दाराकडे तोंड करून मांडलं. कारण तुला माहीत आहे. भूकंपाच्या त्या पहाटे छताचा पंखा शिवम्माच्या उशीवर पडला, आणि ती पाणी प्यायला उठली होती म्हणून आज तिच्या हातची भाकरी मी खातोय. तेव्हापासून या घरात डोक्यावर काही टांगायचं नाही आणि दाराकडे पाठ करून कुणी बसायचं नाही. ट्यूबही छतावरून काढून डाव्या भिंतीवर घेतली. बी.एड.ला आम्हाला हेच शिकवलं होतं, लिहिताना उजेड डावीकडून यावा.

तर ही बाई रोज संध्याकाळी टेबल उलटं फिरवते. दाराकडे पाठ, भिंतीकडे तोंड. मी रोज सकाळी ते सुलटं करतो. फरशीवर पायांचे ओरखडे पडलेत. का फिरवतेस विचारलं तर चहा ठेवायला उठते. डोकं दुखतं म्हणून डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले डोळे ठणठणीत आहेत, उजेडाचं तेवढं बघा. आता उजेडाचं अजून काय बघू, अग्निहोत्र घेऊ?

आणि चाचण्यांचे पेपर अर्धवट. गल्लीत दर तिसऱ्या दारावर क्लासची पाटी, त्यातली पोरं पुरवण्यांवर पुरवण्या मागतात. माझी भाची मूळ उत्तरपत्रिकेचीसुद्धा चार पानं कोरी ठेवून उठते. मी तिच्याच कॉलेजात शिकवतो गं. स्टाफरूममध्ये बसायची चोरी झाली.

तिला चार शब्द लिही. माझे शब्द संपलेत, राग तेवढा शिल्लक आहे.
तुझा अण्णा


नांदेड
१७ नोव्हेंबर १९९६

ती. अण्णांस,
महादेवीचे शिरसाष्टांग शरणार्थ. पत्र पोचलं. शिवम्मावहिनीच्या गुडघ्याचं लिहिलं नाहीत, टेबलाच्या पायांचं मात्र सगळं लिहिलंत.

वर्षाला लिहिलंय. तुम्हालाही एकच सांगते. ती टेबल जसं ठेवते तसं राहू द्या. लेकरू अभ्यास करून राहिलंय, खेळून नाही राहिलं. जास्त विचारू नका. मी तिला शब्द दिलाय, म्हणून मलाही जास्त लिहिता येत नाही.

तुमच्या मायेत आहोत, तशाच ठेवा.
महादेवी


लातूर
१ डिसेंबर १९९६

चि. सौ. महादेवी हिस,
आशीर्वाद. तू शब्द दिलास म्हणजे आता मायलेकींची युती झाली. ठीक. पण हे पत्र बसून वाच.

तडजोड म्हणून मी टेबल-लॅम्प घ्यायचं ठरवलं. गंजगोलाईच्या बाजारातल्या मकसूदभाईंना बरोबर घेतलं. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, उजेडाची पारख त्यांच्याइतकी कुणाला असणार? त्यांनी दुकानदाराला सळो की पळो केलं. उघडा बल्ब नको, डोळ्यांत घुसतो. टोपी खोल हवी, म्हणजे दिवा दिसू नये, पान दिसावं. बल्ब दुधी काचेचा. टेबलाच्या सनमायकावर चकाकी येते म्हणून वर जाड कागद अंथरा, तोही पांढरा नको. घरी येऊन दिवा कुठं बसवायचा ते बघताना मात्र त्यांनी भलताच प्रश्न केला: “सर, लिखनेवाली का हात कौनसा?”

मी हसलो. म्हणालो, हिला अक्षर मीच शिकवलं आहे, पाच वर्षांची असताना, मे महिन्याच्या सुट्टीत. हात उजवाच. तेवढ्यात वर्षा चहा घेऊन आली. तिच्या डाव्या तळव्याची कड शाईनं निळी झाली होती, मी तिला हात धुऊन यायला सांगितलं. मकसूदभाई त्या हाताकडे बघत बसले, मग पेचकस पिशवीत टाकला आणि म्हणाले, दिवा आज नका ठोकू. चहा अर्धा टाकून गेले. मोठ्या माणसांचे नखरे. मी स्वतःच चार स्क्रू मारून दिवा टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात पक्का केला. आता टेबल फिरवलं तरी उजेड डावीकडूनच येणार.

हे झालं विनोदाचं. आता मुख्य. स्क्रू मारताना तिच्या वह्या बाजूला केल्या. महादेवी, त्यात दोन हस्ताक्षरं आहेत. वर्गातल्या वह्यांत ते तिचं मोडकं, धाप लागल्यासारखं अक्षर, अर्धी वाक्यं सुटलेली. घरच्या वह्यांत मात्र दुसरंच कुणीतरी पान भरभरून लिहितंय. टपोरं, मागे रेललेलं, एक काना इकडचा तिकडे नाही. माझ्या छपराखाली राहून ही दुसऱ्याकडून वह्या लिहून घेते! कोण लिहून देतं विचारलं. म्हणाली, मीच. माझ्याकडे बघून, डोळ्याला डोळा देऊन, मीच. इतकं निर्लज्ज खोटं मी आजवर कुठल्या पोराच्या तोंडून ऐकलेलं नाही.

येत्या रविवारी येऊन तिला घेऊन जा. पूर्वपरीक्षेचा अर्ज मी थांबवून ठेवला आहे.
अण्णा


नांदेड
४ डिसेंबर १९९६

ती. अण्णांस,
शरणार्थ. घाईत लिहितेय, अक्षर गोड मानून घ्या. नाही घेतलं तरी चालेल.

ती खोटं नाही बोलली. दोन्ही अक्षरं तिचीच आहेत. मोडकं अक्षर उजव्या हाताचं. टपोरं डाव्या हाताचं. मी दिलेला शब्द आज मोडते, तुम्ही तिला चोर ठरवल्यावर कसला शब्द?

तुम्हाला ती मे महिन्याची सुट्टी आठवते, कारण तुम्ही तिला बाराखडी शिकवली. मला वेगळंच आठवतं. पोर डाव्या हातानं पेन्सिल धरायची. चार दिवस तुम्ही हातावर मारलंत. पाचव्या दिवशी तुमच्या उपरण्यानं तिचा डावा हात खिडकीच्या गजाला बांधलात, आणि रोज दोन तास तशी बसवलीत, पाच आठवडे. मी दारात चहाचा कप घेऊन उभी होते. थोरला भाऊ, पंडित माणूस, म्हणून तोंड उघडलं नाही. त्याचा राग तुमच्यावर नाही, माझ्यावर आहे, आणि तो तुमच्यावरच्या रागाहून मोठा आहे.

लातूरला आल्यावर दार लावून ती पुन्हा डाव्या हातानं लिहू लागली. वर्गात नाही, कारण व्हरांड्यातून तुम्ही जाता. टेबल कशाला फिरवते ते आता तरी कळलं का? तुमचा उजेड डावीकडून आला की तिच्याच हाताची सावली तिच्याच अक्षरावर पडते. तुम्ही रोज सकाळी जाऊन तिचा उजेड काढून घेत होता.

एकच विचारते. रोज सकाळी स्नान करून पूजेला बसता, तेव्हा इष्टलिंग कोणत्या तळहातावर ठेवता? ज्या डाव्या हातावर देव चालतो, त्या हातात पेन्सिल का चालली नाही? संस्कृतात उत्तर देऊ नका.

रविवारी मी येणार नाही. तिचा अर्ज भरा.
महादेवी


लातूर, ८ डिसेंबर

ती. मामांस,
वर्षाचा नमस्कार. एकाच घरात राहून चिठ्ठी लिहिते, कारण बोलायला लागले की मला रडू येतं आणि तुम्हाला वाटतं मी नरमले.

आईचं पत्र आल्यापासून तुम्ही तीन दिवस जेवताना ताटाकडे बघता. मामींना त्रास होतोय. तुम्ही माफी मागावी असं मला वाटत नाही. मला ती लागणारही नाही. पूर्वपरीक्षेत मी डाव्या हातानं लिहिणार आहे. हॉलच्या सगळ्या खिडक्या डावीकडे आहेत, उजवीकडे फक्त दार. मला दाराजवळचा बाक हवा. तेवढं तुम्ही करू शकता.

ही चिठ्ठी डाव्या हाताची आहे. ओळख पटावी म्हणून.
वर्षाराणी


लातूर
१२ जानेवारी १९९७

चि. सौ. महादेवी हिस,
आशीर्वाद द्यायचा अधिकार शिल्लक असेल तर आशीर्वाद.

तुझा प्रश्न महिनाभर माझ्याबरोबर पूजेला बसतो. रोज सकाळी लिंग तळहातावर घेतो आणि बोटं तापल्यासारखी होतात. पन्नाशीच्या माणसाला लहान लेकरासारखा राग येतो गं, आणि तो काढायला घरात माझ्याखेरीज कुणी सापडत नाही.

दिवा काढला. मकसूदभाईंनी येऊन उजवीकडे बसवला, या वेळी आधी वर्षाला खुर्चीत बसवून, वही समोर ठेवून, सावली कुठं पडते ते बघून. टेबलाला माझ्या स्क्रूंची चार भोकं राहिली आहेत. शिवम्मा म्हणाली लांबी भरून बुजवू. मी नको म्हणालो. मला ती दिसायला पाहिजेत.

बाकाचं प्राचार्यांना सांगितलं. आसनक्रम मोडतो म्हणून एका सहकाऱ्यानं कुरकुर केली आणि हसत म्हणाला की हे वळण लहानपणीच घालवायला हवं होतं. महादेवी, मी त्याला स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. नंतर लक्षात आलं, एकेक शब्द मलाच लागू होता.

पहिल्या पेपरला पर्यवेक्षक मीच होतो. वर्षा दाराजवळ बसली. मी दारातून जरा बाजूला सरलो, उजेड अडत होता. दीड तासानं तिनं पुरवणीसाठी हात वर केला. डावा. मी पुरवणी त्याच हातात ठेवली. आयुष्यात कुणाच्या डाव्या हातात काही ठेवलं नव्हतं. तिनं तीन पुरवण्या घेतल्या.

माझ्याशी ती अजून शिवम्मामार्फतच बोलते. तिचं बरोबर आहे, त्यासाठी तू तिला लिहू नकोस. तुझाही राग हवा तितका राहू दे, पत्र तेवढं बंद करू नको.
तुझा अण्णा

ता. क. घंटा झाल्यावर पुरवण्या बांधायला दोरा वाटतात. तिचा मी बांधून द्यावा म्हणून हात पुढे केला. तिनं मान हलवून नको म्हटलं, दोरा तेवढा घेतला, आणि गाठ स्वतःच मारली.