ढोली रिकामी आहे

४ तारीख, सोमवार

आलो बाई एकदाचे! टेम्पोवाल्याने सामान अंगणात ओतलं आणि धूम ठोकली. आत्याने बाह्या सरसावल्या आणि चहाचं पातेलं कुठल्या खोक्यात आहे यावरून माझ्याशी पहिलं भांडण उरकून घेतलं. पातेलं तिच्याच पिशवीत निघालं. ती म्हणाली, मग मी काय वेगळं सांगत होते!

दोन खोल्या, लाकडी भिंती, मागच्या पायरीला टेकलेलं सरकारी जंगल. ओळीत तीनच घरं. पहिलं रिकामं, मधलं गॅस कंपनीच्या इंजिनिअरचं, शेवटचं आमचं. इंजिनिअरना सगळे घाईसाहेब म्हणतात. माणूस 'नमस्कार' सुद्धा अर्धाच करतो.

आई गेल्यापासून मला आत्यानेच वाढवलं. आता मी तिला सांभाळते, असं मी चारचौघांत सांगते आणि ती गालात हसते. तिला ऐकू येत नाही. कानातलं यंत्र आहे, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून बाईसाहेब ते डबीत घालून ठेवतात.

५ तारीख, मंगळवार

रेंजरबाईंनी काम समजावलं. बाई उंच, आवाज खणखणीत, हसू मोजकं. जमिनीखाली वायू आहे आणि वर जंगल, आणि दोन्ही जनतेच्या मालकीचं. म्हणून कंपनीला विहीर खणायची असेल तर आधी वनखात्याने, म्हणजे आजपासून मी, जंगलाच्या त्या तुकड्यातलं प्रत्येक ढोलीचं झाड वाजवून बघायचं. लाकडी मोगरीने तीन ठोके द्यायचे, खोडाला कान लावायचा, थांबायचं. आत काही हललं तर निळी फीत. ते झाड आणि आजूबाजूचं रान तसंच राहणार, पिल्लं उडून जाईपर्यंत काम बंद. काहीच हललं नाही तर पिवळी फीत. रिकामं आहे, पाडा. बाई म्हणाल्या, जो उत्तर देतो तो राहतो, एवढंच लक्षात ठेव.

घरी येऊन आत्याला ओरडून ओरडून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे दारोदार जाऊन 'आहे का कोणी घरात' विचारायचं आणि वर पगार घ्यायचा, मजाच आहे की तुझी.

८ तारीख, शुक्रवार

आज दुसरी निळी फीत बांधली. आत घुबडीण होती, अशी फिस्कारली की मी मोगरी टाकून पळाले. माझ्यामुळे यंत्रांचा रस्ता दोनदा वळवावा लागला. बैठकीत घाईसाहेब म्हणाले, मॅडमना प्रत्येक झाडात पाळणाच दिसतो. सगळे हसले. मीही हसले. का हसले कोण जाणे. घरी येईपर्यंत कान गरम होते.

११ तारीख, सोमवार

हे लिहायला नको वाटतंय.

तुकड्यातलं शेवटचं झाड. खूप जुनं, तिघांच्या कवेत मावणार नाही असं. तिकडे यंत्र सुरू करून ठेवलेलं, माणसं हाताची घडी घालून उभी, आणि घाईसाहेब माझ्या पाठीमागे घड्याळ बघत. मी तीन ठोके दिले. कान लावला. आत खसखसलं. मग बारीक चिवचिव, एकाची नाही, दोघातिघांची. अगदी स्पष्ट. लाकडातून इतकं स्पष्ट ऐकू येतं की आपल्याच कानात कोणी बोलतंय असं वाटतं.

मी सरळ उभी राहिले आणि म्हणाले, रिकामं आहे.

पिवळी फीत बांधली, गाठ दोनदा आवळली. घाईसाहेबांनी पाठ थोपटली, म्हणाले, आता कशा आमच्यातल्या झालात! आणि मला बरं वाटलं. लाज वाटते ती याचीच. त्या क्षणी मला खरंच बरं वाटलं.

झाड पडलं तेव्हा मी जीपमध्ये बुटाची नाडी बांधत होते. बांधलेलीच होती.

१३ तारीख, बुधवार

दुपारी जेवताना पलीकडून तीन ठोके ऐकू आले. पहिल्या, रिकाम्या घराच्या भिंतीवर. वाटलं सुतार आला असेल. संध्याकाळी सहज गेले तर कडीला पिवळी फीत. आमच्याच रिळाची. रीळ माझ्या पिशवीत, पिशवी माझ्या खांद्याला.

१४ तारीख, गुरुवार

ते घर पडलं. वारा नाही, पाऊस नाही. चारी भिंती एकाच बाजूला, नीट कापून पाडलेल्या झाडासारख्या. घाईसाहेब म्हणाले वाळवी असेल, लवकर साफ करून टाका.



१५ तारीख, शुक्रवार

दुपारी घाईसाहेबांच्या घरावर ठोके पडले. मी खिडकीतून बघत होते. बाहेर कोणी नाही. ते आत फोनवर होते, हात हलवत बोलत होते. ठोक्यांकडे त्यांचं लक्षच नाही. मला ओरडता आलं असतं, साहेब, उत्तर द्या, भिंत वाजवा! पण का ते सांगावं लागलं असतं. ते झाड सांगावं लागलं असतं.



नंतर त्यांनी दारावरची फीत ओरबाडून काढली, माझ्याकडे बघून फडकावली. म्हणाले, मॅडम, चेष्टा पुरे.

१६ तारीख, शनिवार

घाईसाहेबांचं घरही पडलं, छत त्यांच्या अंगावर आलं. जिवंत आहेत. पाय — डॉक्टर नक्की सांगत नाहीत.

रेंजरबाईंनी विचारलं, तुला काही ठाऊक आहे का. मी नाही म्हटलं. पुन्हा.

आता ओळीत आमचंच घर उरलंय. आणि आत्याला ऐकू येत नाही. मी नसताना ठोके पडले तर ती खुशाल चहा ढवळत बसेल — रिकामं घर —

१७ तारीख, रविवार

निघायचं म्हटलं तर मोडलेलं घर उचलायला आणलेलं यंत्र रस्त्यातच उलटलंय. जीप उद्या संध्याकाळी, आणि आत्याला एवढं चालवत नाही.

आत्याच्या कानात यंत्र घातलं. पातेलं हातात दिलं, ठोके आले की भिंतीवर आपट म्हटलं. तिने हसत हसत दोनदा आपटून दाखवलं. मग का ते सांगितलं. सगळं. तिचं हसू मावळलं. फक्त एवढंच म्हणाली, अगं, पण तू ऐकलं होतंस ना?

तिने मला लहानपणी मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

रेंजरबाईंना फोन केला. आधी करायला हवा होता. सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, उद्या सकाळी चालत निघते.

१८ तारीख, दुपार

बाई अजून आल्या नाहीत.

ठोके. तीन.

आत्याने ऐकलं! पातेलं आपटतेय. मी दोन्ही मुठींनी — आहोत, आत आहोत, दोघी आहोत — घसा बसला —

आता शांत. भिंतीची फळी किंचित आत दबली आहे. पलीकडून कोणीतरी कान लावलाय. ऐकतंय. ऐकू गेलंय. लाकडातून किती स्पष्ट ऐकू येतं ते मला —

थांबलंय. अजून थांबलंय.

रिळावरून फीत ओढल्याचा आवाज. तो ओळखते मी.

दार उघडत नाही. खिडकीही नाही. दाराच्या फटीतून फितीचं पिवळं टोक दिसतंय. आत्याला तिथून दिसत नाही. ती विचारतेय, कुठल्या रंगाची गं?

निळी, म्हटलं मी.

तिने सुटकेचा श्वास सोडला. पातेलं खाली ठेवलं. यंत्र कानातून काढून डबीत घालतेय, माझ्याकडे बघून हसतेय, आणि वरचं लाकूड