पावलं पुसायचं तरट

बा, सकाळी आपण दोघं वाळूत तेल कालवत असू, ते आज आठवलं. बडनेऱ्याच्या इंजिनशेडातून तू जळकं तेल डब्यात आणायचास आणि अमरावतीच्या कॅम्पात, साहेब लोकांच्या गोल्फच्या मैदानावर, प्रत्येक भोकाभोवती तेलकट वाळूचा मोठा गोल घालायचास. आपल्या उन्हात तिथे हिरवळ टिकत नसे. मी फावड्यानं ढवळते आहे, तू अनवाणी पायानं उतार चाचपतो आहेस. "हितं डावीकडं कल हाय, माय. डोयाले नाई दिसत, पायाले समजते." साहेब चेंडू भोकात ढकलून गेले की तू ओलं तरट आपल्याकडे ओढत उलटा चालत यायचास. त्यांची पावलं पुसली जायची, तुझीही. पुढच्या खेळणाऱ्याला वाळू कोरी लागायची.

तू गेल्याला तीस वर्षं झाली, तरी मी तुझ्यावर रागावलेलीच आहे. चॅपलला फुलं तू द्यायचास, म्हणून नन्सनी मला कॉन्व्हेंटात बसवून घेतलं होतं. अकरा वर्षांची होते. शाळेच्या फ्रॉकवरच मैदानावर आले, कुणीतरी विसरलेली काठी उचलली आणि चेंडू असा मारला की तू दाखवलेल्या उतारावरून वळत तो थेट भोकात गेला. मी नाचलेच. मागे मेमसाहेब उभ्या. "माली, ये लड़की कौन है?" तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. "मालूम नहीं, मेमसाब. कोई रस्ते की होगी." आणि तरट माझ्या हातात दिलंस. "पूस." त्यांच्यादेखत मी माझीच पावलं पुसत, उलटी चालत गोलाबाहेर गेले.

घरी विचारलं, "काहून म्हनलं तसं?" आईचा भाकरीवरचा हात थांबला. तू म्हणालास, "माळ्याची पोर साहेबाच्या काठीले हात लावते, हे कळलं असतं त नोकरी गेली असती, खोली गेली असती, तुही शाळा बी गेली असती. जेव आता." सगळं खरं होतं. तेवढ्यानं राग कमी झाला नाही. मेमसाहेबांना नाही तर निदान मला तरी, त्या चुलीपुढे, तू एकदा म्हणायचं होतंस, माही हायेस तू. आठवड्यानं माझ्या ताटाशेजारी एक चेंडू ठेवलास, झुडपात सापडलेला, एका बाजूनं चिरलेला. मी तो पेटीत ठेवला.

पुढे अकोल्याला कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींच्या मुलींना शिकवायला राहिले आणि त्यांच्याच कुटुंबाबरोबर एकदा बोटीनं फ्रान्सला गेले. तिथे एका जुन्या सरदाराच्या गढीचं हॉटेल केलेलं. बुरूज, तळं, आणि तळ्याला वळसा घालून गोल्फचं मैदान. भोकाभोवती वाळू नाही, बा, गवत. इतकं बारीक की त्यावर तळहात फिरवावा. तुला दाखवावंसं वाटलं, आणि तसं वाटल्याचाच राग आला. शेठाणीबाईंनी पदर खोचून दोन चेंडू तळ्यात घातले. "गेले पोहायले! आता तुमी मारा न, बाई. इथं कोन पाहून राहिलं? फार त थे बदकं."

मी बूट काढले. तिथे खेळ शिकवणाऱ्या म्हाताऱ्या फ्रेंच माणसाच्या भुवया वर गेल्या. पायाला उतार लागला, चेंडू वळला, आत गेला. शेठाणीबाई टाळ्या पिटत होत्या आणि मी वाकून तरट शोधत होते. गवतावर एक पाऊल उमटलं नव्हतं, तरी मी रिकाम्या मुठी ओढत चार पावलं उलटी चालले. "काय पडलं, बाई?" त्यांनी हसत विचारलं. संतापानं माझे कान तापले. एवढा समुद्र ओलांडून आले आणि तुझं ते एक "पूस" माझ्या हातातून गेलं नव्हतं.

म्हाताऱ्यानं विचारलं, "मादाम, हे कुठे शिकलात?" नन्सनी शिकवलेल्या फ्रेंचमध्ये मी ताठ मानेनं सांगितलं, "शाळेत." शेठाणीबाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हाही तेच. तिथे माझी नोकरी जाणार नव्हती, खोली जाणार नव्हती.

हा कागद कुठे टाकणार? पेटीत ठेवते. माझ्यामागे ती धाकटा भाऊ उघडेल, म्हणून त्याच्यासाठी लिहिते. तुझी गुलाबाची कात्री त्यानंच घ्यावी, मळा त्याच्याकडे आहे. फ्रान्सहून आणलेली लोकरी शाल शेठाणीबाईंना द्यावी. आईची पाटली त्याच्या सुनेला. माझ्या खोलीच्या कोपऱ्यातलं तुझं तरट कुणाला देऊ नये, जाळावं. चिरलेला चेंडू त्याच्या नातीला. ती विचारेल, हा कुणाचा? तेव्हा सांगावं, तुझ्या पणज्याचा, कॅम्पातल्या माळ्याचा. चारचौघांत सांगावं. मला ते जमलं नाही.