सिंहिणीच्या पंजाखाली

४ डिसेंबर १९५३

बदली म्हणजे शिक्षा, असं नागपुरात सगळ्यांनी घाबरवलं होतं. खोटं निघालं. अर्जुनीला छोट्या आगगाडीतून आम्ही मायलेकी उतरलो, तर घरमालक जीवनलाल पटेल स्वतः बैलगाडी घेऊन हजर. मला आणि माझ्या पाच वर्षांच्या प्रेमिलाला त्यांनी घराच्या पुढच्या दोन खोल्या दिल्यात. शाळा हाकेच्या अंतरावर, मागे प्रतापगडाचा डोंगर. विधवा मास्तरणीला आणखी काय हवं?

दारात मात्र गंमत आहे. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना कुत्र्याएवढे काशाचे सिंह, पटेलांनी कलकत्त्याच्या एका चिनी व्यापाऱ्याकडून आणलेले. कुरळी आयाळ, बटाट्यासारखी नाकं. नराच्या पंजाखाली चेंडू, म्हणजे सत्ता. मादीच्या पंजाखाली उताणं पिल्लू, म्हणजे घरची मुलंबाळं. वाईट ते बाहेर अडवणं हे त्यांचं काम, म्हणून तोंडं रस्त्याकडे ठेवा, असं व्यापाऱ्यानं बजावलं होतं म्हणे. इथे दोघेही घरात बघत बसलेत. पटेलांच्या बायकोला, रुक्माबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, “नंदी का देवळाकडं पाठ करून बसते?” 

१३ डिसेंबर

प्रेमिलाला सिंहिणीचं वेड लागलंय. पिल्लाच्या पोटाला गुदगुल्या काय करते, त्याला भात काय भरवते. रुक्माबाई कौतुकानं बघतात. त्यांची तीन मुलं पाळण्यातच गेली. रोज सिंहिणीला कुंकू लावून एकच मागतात, घरात आलेलं लेकरू घरातच राहिलं पायजे. ऐकून मला फार वाईट वाटलं. प्रेमिलाला मी त्यांच्या मांडीवर खुशाल बसू देते.

२८ डिसेंबर

प्रेमिला अंगणात खेळायला जात नाही. सिंहीण रागावते, म्हणते. झोपते तीही उताणी, हातपाय वर दुमडून, थेट त्या पिल्लासारखी. असल्या गोष्टींना मी वर्गात हसत आले. आज हसू आलं नाही.

१२ जानेवारी १९५४

संक्रांतीला आईकडे निघालो होतो. उंबरा ओलांडला आणि कडेवरच्या प्रेमिलाचा श्वास थांबला. ओठ निळे. रुक्माबाईंनी आम्हाला आत ओढलं, तशी श्वास घेऊ लागली. पुन्हा निघाले, पुन्हा तेच.  आगगाडी चुकली.

१५ जानेवारी

डॉक्टर येऊन गेले. काही सापडलं नाही म्हणाले. संध्याकाळी तिच्या छातीवर वळ दिसले, पंजाचे. ती पाय ठेवते, आई, म्हणाली. मला भीती वाटते आहे, दुसरं काही नाही.

रुक्माबाई माझ्या पाया पडून रडल्या. “म्या माह्यासाठी मागतलं होतं, बाई. तुमचं लेकरू नाही मागतलं.”

१६ जानेवारी

पटेलांनी गडी बोलावून दोन्ही सिंहांची तोंडं रस्त्याकडे केली. पहार लागून सिंहीण हलली, तेव्हा प्रेमिला कण्हली. पण ती कालपासून कण्हतेच आहे —

शाळेतून आले, तर सिंहीण पुन्हा घरात बघत होती. कोणी हात लावलेला नव्हता.

१७ जानेवारी

वळ खोल होताहेत. ही मूर्ती घरात नको, मीच पटेलांना म्हटलं. भंगलेला देव पाण्यात सोडतात, तसं हिलाही सोडू, असं ठरलं. “कायले भेता बाई, सकाळीच तिले तलावात सोडून देतो,” पटेल म्हणाले. जीव भांड्यात पडला.

१८ जानेवारी, सकाळ

गाडी सिंहिणीला घेऊन गेली. तलाव गावाबाहेर आहे. प्रेमिला माझ्या मांडीवर. वेळ जावा म्हणून लिहिते आहे.

तिचं अंग डुलतंय. हळूहळू, बैलगाडीत बसल्यासारखं — ताप असेल —

आता थांबलं. गाडी काठाला पोचली असावी —

तिचे पाय गार लागताहेत. ओले. खोलीत पाणी नाही, तरी परकर गुडघ्यापर्यंत ओला —

ते तलावात उतरले. सिंहिणीला घेऊन उतरले —

रुक्माबाई ओरडत धावल्या आहेत, थांबवा म्हणून — पोचतील — पोचायलाच हव्यात —

छातीपर्यंत भिजली. मी हाक मारते, प्रेमिला, बाळा — ती तोंड उघडते आणि आवाजाऐवजी पाणी —