गाडीची, घराची आणि माझ्या ठिकाणावरच्या डोक्याची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, निवृत्त परिचारिका, वय वर्षे एकाहत्तर, राहणार स्वतःच्या घरी आणि इथून हलणार नसलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. असल्या कागदात हे वाक्य सगळेच लिहितात आणि कोणी वाचत नाही. माझ्या बाबतीत ते वाचावे लागेल, कारण माझ्या मुलाच्या मते ते खोटे आहे. म्हणून मालमत्तेकडे वळण्याआधी मी ते सिद्ध करणार आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही. उलट घरातलेच मला जरा बिचकून आहेत आणि ते तसेच राहावे अशी माझी इच्छा आहे.

कलम १. वादाचे मूळ

माझ्या मागच्या खोलीत एक टू-स्ट्रोक मोटरसायकल आहे. ती रस्त्यावर पळवायची नसते. दगड, ओंडके, ओढ्याचा काठ यांवरून गोगलगायीच्या गतीने चढवायची असते. पाय जमिनीला टेकला की गुण गेला. ज्याचा पाय कमी वेळा टेकतो तो जिंकतो. या खेळाला ट्रायल्स म्हणतात. चालवणारा सगळा वेळ उभा असतो, म्हणून गाडीला सीट नसते.

हे माझ्या यजमानांना ठाऊक नव्हते. सीट चोरीला गेलेली गाडी स्वस्तात पदरात पडली अशा आनंदात त्यांनी ती घरी आणली आणि सीटसाठी दुकाने पालथी घातली. एका दुकानदाराने हसून खरे काय ते सांगितले तेव्हा ते घरी येऊन माझ्यावरच चिडले. एकदा तिच्यावर बसले, म्हणजे उभे राहिले, आणि सरळ कुंपणात गेले. त्यानंतर त्यांनी कानाला खडा लावला. मी लावला नाही. तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती आणि ऑपरेशन थिएटरमध्ये उभे राहून माझे पाय सुजत असत. लोक विचारत, दिवसभर उभी असतेस, परत सुट्टीच्या दिवशी उभी कशाला? त्यांना मी सांगे, तिथे मी दुसऱ्याच्या हुकमाने उभी असते.

कलम २. माझे डोके आणि त्याचा पुरावा

मागच्या हिवाळ्यात गाडी बिघडली. रेस सोडली तरी इंजिन खाली येईना, आपले चढ्या आवाजात ओरडत राही. नाक्यावरच्या मेकॅनिकने गाडी न बघता सांगितले, कार्ब्युरेटर बदला. कार्ब्युरेटर मी आदल्याच आठवड्यात उघडून साफ केला होता. पण आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला ही त्या माणसाची जुनी पद्धत आहे.

मी गाडी स्टँडवर घेतली, एअर फिल्टर काढला आणि किक मारली. इंजिन तापले आणि मी काही न करता आपोआप चढत गेले. बंद करायचे बटण दाबले. काही नाही. इंजिन इतके तापले होते की प्लगचे टोकच निखारा झाले होते. ठिणगी तोडली तरी पेट्रोल पेटतच होते. अशा वेळी इंजिनाचे तोंड बंद करायचे असते. पेट्रोल आणि हवा कार्ब्युरेटरच्या तोंडातून आत जातात, ते तोंड झाकले की खाणे बंद, इंजिन बंद. हाताशी फडके नव्हते. मी तळहात दाबून धरला. हात आत ओढला गेला, पण इंजिन घरघरून मेले.

नेमका तेव्हा, भर दुपारी, माझा मुलगा हातात भाजीची पिशवी घेऊन दारात उभा होता. त्याला दिसले ते एवढेच: खोलीभर धूर, किंचाळणारे यंत्र आणि त्यात हात घातलेली म्हातारी. त्याने काही विचारले नाही. माझा हात नळाखाली धरला, तळहातावरचा लाल गोल वळ बघितला, आणि जाताना गाडीची किल्ली खिशात घालून गेला. या गाडीला किल्लीच नसते. ती माझ्या कपड्यांच्या कपाटाची होती. ती अजून परत आलेली नाही.

तो गेल्यावर मी काय केले ते लिहिते. ज्याला माझे डोके तपासायचे आहे त्याने इथे तपासावे.

प्लग काढला. निरोगी प्लगचे टोक कॉफीच्या रंगाचे असते. हे राखेसारखे पांढरे होते. म्हणजे आत हवा जास्त, पेट्रोल कमी. हवा नको तिथून घुसत होती. इंजिन निवू दिले, पुन्हा थोडा वेळ सुरू केले आणि कार्ब्युरेटरच्या रबरी जोडावर साबणाचे पाणी मारले. आवाज बदलला नाही, म्हणजे जोड बरा होता. मग उरले आतले दोन ऑइल सील, हवा आणि ऑइल अडवणाऱ्या रबरी चकत्या, इंजिनाच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना असतात त्या. क्लचकडचे गेले असते तर गिअरचे ऑइल आत ओढले जाऊन पांढरा धूर निघाला असता आणि ऑइल कमी झाले असते. ऑइल जिथल्या तिथे होते. म्हणून दोष दुसऱ्या बाजूला, ठिणगीची वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटच्या मागे. पुलर, म्हणजे ओढून काढायचे हत्यार, लावून मॅग्नेट काढला. सीलची कड जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखी कडक होऊन चिरली होती. नवे सील आणले, कडेला ग्रीस लावले, सगळीकडून सारखे ठोकत सरळ बसवले. बंद करण्याआधी फडक्यावरची हत्यारे मोजली, पोट शिवण्याआधी आम्ही मोजत असू तशी. किक मारली. रेस दिली, सोडली. इंजिन मुकाट्याने खाली आले.

हे वेडेपण असेल तर मला ते हवे आहे.

कलम ३. चिरंजीवांचे उद्योग

माझा मुलगा वाईट नाही, घाबरट आहे. घाबरलेला माणूस जास्त उद्योग करतो. पहिल्यांदा त्याने भंगारवाला पाठवला. तो दारात येऊन म्हणाला, "आजी, साहेबांनी पाठवलंय. ती सीट नसलेली गाडी न्यायची आहे." मी त्याला चहा दिला आणि साहेबांनी माझ्या व्हरांड्यात टाकून ठेवलेले व्यायामाचे यंत्र देऊन टाकले. त्याचे घोडे कुठे अडले नाही, माझा व्हरांडा मोकळा झाला. या व्यवहाराबद्दल मला पश्चात्ताप नाही.

मग त्याने डॉक्टरांना गाठले. आईला एकटीला राहणे आणि स्वतःचे निर्णय घेणे जमत नाही असे पत्र हवे होते, म्हणजे मला त्याच्या फ्लॅटवर नेता येईल आणि हे घर विकता येईल. हे पत्र काय चीज असते ते मला माहीत आहे. वॉर्डात मी अशा बायका पाहिल्या आहेत. पत्र झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांना कोणी "तुम्हाला चहा हवा का?" असे विचारत नसे, शेजारी उभ्या असलेल्या मुलाला विचारत, "यांना चहा चालतो का?" मरणाची मला भीती वाटत नाही. या प्रश्नाची वाटते.

डॉक्टर आले. एके काळी ते माझ्या थिएटरमध्ये शिकाऊ होते, अजून मला सिस्टर म्हणतात. वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मग चाचरत म्हणाले, "सिस्टर, ते हात घालण्याचं काय प्रकरण?" मी वरचे सगळे सांगितले. ते म्हणाले, "रक्तस्राव होत असेल तर आपणही आधी बोटानेच दाबून धरतो." त्यांनी पत्र दिले नाही. मुलाने त्यांच्याशी बोलणे टाकले आहे.

कलम ४. गाडी

गाडी, तिचा स्टँड, हेल्मेट आणि माझे बूट शेजारच्या शिंपीणबाईंना द्यावेत. या बाई कित्येक वर्षे मला पाण्यात पाहत होत्या. शिवायला आलेल्या कापडांना धुराचा वास लागतो ही त्यांची तक्रार होती आणि ती खरी होती. एकदा भांडायला म्हणून आल्या तेव्हा मला बॅटरी धरायला कोणी नव्हते. त्यांनी भांडता भांडता धरली. आता ओंडक्यावर चढताना त्या माझ्यापेक्षा कमी वेळा पाय टेकतात. बुटांत पुढे कापूस घालावा लागेल, त्यांचे पाऊल लहान आहे.

त्यांना सूचना: पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजाने ओतू नये, मापानेच घालावे, स्वयंपाक अंदाजाने होतो, इंजिन होत नाही. फिल्टरचा स्पंज चिखलात गाडी घातली की त्याच दिवशी धुवावा आणि ऑइल लावून पिळून बसवावा. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करावा, नाहीतर शिळे पेट्रोल चिकटून बारीक छिद्रे बुजतात आणि मग किक मारून मारून गुडघा जातो. हाताशी फडके ठेवावे. आणि नाक्यावरच्या मेकॅनिकचे ऐकू नये.

कलम ५. किरकोळ

नाक्यावरच्या मेकॅनिकने माझ्या गळ्यात मारलेला कार्ब्युरेटरचा किट मागच्या खोलीत वरच्या फळीवर न उघडलेला आहे. तो त्याला माझी आठवण म्हणून परत द्यावा.

माझ्या साड्या सूनबाईंनी घ्याव्यात. तिने मला वेडी म्हटलेले नाही. उलट ती एकदा नवऱ्याच्या पाठीमागे मला म्हणाली, "मला एकदा उभं राहून बघू द्या ना." अजून वेळ गेलेली नाही.

माझ्या मागे मला "हौशी" म्हणू नये. हौस असती तर पहिल्या पडण्यातच फिटली असती.

कलम ६. घर

घर, मागची खोली आणि दगड-ओंडके रचलेले परसू, हे थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा यांना अर्धे अर्धे. या दोघांनी लहानपणी बिस्किटाचेही दोन तुकडे पट्टीने मोजून घेतले आहेत, म्हणून मी रेघ कुठे मारायची ते मुद्दाम लिहीत नाही. त्यांनी बसून ठरवावे.

कलम ७. दुसरा साक्षीदार

इथपर्यंत काल लिहिले. पुढचे आज, वकीलबाई, डॉक्टर आणि मुलगा यांच्या समोर लिहीत आहे.

दोन साक्षीदार लागतात. पहिले डॉक्टर. शिंपीणबाईंना गाडी मिळणार, म्हणून त्या चालत नाहीत. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, झाला तर त्याचा वाटा जातो, असे वकीलबाईंनी सांगितले. हे ऐकल्यावर मी मुलाला फोन करून बोलावले. माझे डोके ठिकाणावर नाही असे म्हणणारा जगात एकच माणूस आहे. ते आहे, ही साक्ष मला त्याचीच हवी. त्याने सही केली तर त्याचा अर्धा वाटाही मुलीला जाईल आणि घर पूर्णपणे तिचे होईल, असे मी इथे लिहून ठेवते.

वकीलबाईंनी त्याला नीट समजावले. "सही केलीत तर तुमचा अर्धा वाटा गेला. पुढे आईंची समज ठीक नव्हती असं म्हणायलाही तोंड राहणार नाही."

"सगळं घर ताईचं?"

"सगळं."

तो माझ्याकडे वळला. "आणि नाही केली तर?"

"तर अर्धं घर तुझं. आणि आई वेडी."

"हे तू मुद्दाम केलंस, आई."

"मुद्दाम केलं. डोकं ठिकाणावर असलेली माणसंच मुद्दाम करतात."

मग त्याने पहिल्यापासून वाचायला घेतले. व्यायामाच्या यंत्रापाशी त्याने एकदा वर बघितले. परत मागे जाऊन दुसरे कलम पुन्हा वाचले आणि विचारले, "बटण दाबल्यावर ठिणगी बंद झाली, तरी पेटत होतं?" इतक्या वर्षांत त्याने गाडीबद्दल मला विचारलेला हा पहिला प्रश्न आहे. मी सांगितले. तो म्हणाला, "मला वाटलं तुझा हात जातोय. मी बाहेर पायरीवर बसलो होतो कितीतरी वेळ. मला उठताच येईना."

हे मला माहीत नव्हते.

मी म्हटले, "आत येऊन विचारायचं होतंस."

आता तो माझ्यासमोर पेन हातात घेऊन बसला आहे आणि मी हे लिहिते आहे. त्याने सही केली नाही तर वकीलबाई करतील, कागद तसाही पक्का होईल. पण मला त्याची हवी आहे. घर कोणाला जाते यापेक्षा जास्त हवी आहे. हे तोंडाने सांगायचे मला जमणार नाही, म्हणून इथे लिहिले.

कलम ८. तोपर्यंत

हे मृत्युपत्र मी मेल्यावर लागू होईल, त्याआधी नाही. तोपर्यंत घरातली एक वस्तूही कोणी हलवू नये, मला तर नाहीच नाही. रविवारी स्पर्धेत माझे नाव नोंदवलेले आहे. वयाचा रकाना मी रिकामा सोडला आहे. त्यांना विचारायचे असेल तर मला विचारतील.

ठिकाण: माझ्या घरातली मागची खोली.
दिनांक: आजचा, गुरुवार. डॉक्टरांनी विचारल्यास सांगेन.

सही: परिचारिका, निवृत्त, शुद्धीवर.

साक्षीदार पहिला: डॉक्टर. सिस्टरांनी माझ्यासमोर सही केली. मी त्यांना तपासले आहे. त्यांनीही मला तपासले.

साक्षीदार दुसरा: मुलगा. सगळा मजकूर वाचला. सहीचा परिणाम वकीलबाईंनी समजावून सांगितला, तो मला मान्य आहे. आईने माझ्यासमोर सही केली तेव्हा तिचे डोके ठिकाणावर होते. त्या दिवशी दुपारीही होते. हे शेवटचे वाक्य लिहायला मला कोणी सांगितलेले नाही.