बेलची हाक

सोमवार, ४ मार्च
ऑफिसचं मोठं मशीन आज पुन्हा पडलं. स्क्रीनवर 'कर्नल पॅनिक'. म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यानेच हातपाय गाळले. साहेब ओरडले. मी शांत. बुधवारपर्यंत दुरुस्त करतो, असा शब्द दिला.

शंकासुराने (शेजारच्या टेबलावरचा, खरं नाव वेगळं, पण शोभतं हेच) विचारलं, गेल्या आठवड्यात तू सेटिंगला हात लावला होतास ना? लावला होता. सुधारणा केली. डिस्क आणि मशीनरूमच्या दाराची बेल, दोघांना एकच इंटरप्ट नंबर दिला. इंटरप्ट म्हणजे हातातलं काम सोडायला लावणारी हाक. दोघांना दोन नंबर कशाला? नवरा-बायकोचं एका आडनावात भागतं की.

ही शनिवारी नव्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघतेय. विचारत होती, तू येणार का? म्हटलं, मशीनचं मिटू दे, मग बोलू.

मंगळवार, ५ मार्च
दोष मेमरीचा. बदलली. पडलं. मग दोष विजेचा. इलेक्ट्रिशियन म्हणाला, वीज ठणठणीत आहे. त्याला काय कळतंय!

ही म्हणाली, तिथे तुझ्यासाठीही शब्द टाकलाय, फक्त हो की नाही ते सांग. म्हटलं, मध्ये मध्ये बोलू नकोस, लिंक तुटते.

बुधवार, ६ मार्च
संकल्प: चिडायचं नाही.

शोध लागला! कोणी बेल वाजवली की मशीन पडतं. शंकासुर म्हणाला, मग नंबर वेगळे कर आणि रीस्टार्ट कर, पाच मिनिटांचं काम. म्हणजे माझी सुधारणा चुकली, अशी दवंडीच की! त्यापेक्षा दारावर पाटी लावली, 'बेल वाजवू नये'. चिडलो नाही. फक्त आवाज चढला.

गुरुवार, ७ मार्च
पाटी खरी आहे का, हे बघायला प्रत्येकाने बेल वाजवून पाहिली. शेवटी मशीनच्या सेटिंगमधून दाराची सगळी लाइनच बंद केली. आता दार कार्डाने उघडत नाही. त्यात खुर्ची अडकवून ठेवली. हवाही खेळती राहते.

शुक्रवार, ८ मार्च
मशीन एकदाही पडलं नाही. वार्षिक अहवाल सुरू केला, उद्या दुपारी संपेल. साहेब चक्क हसले. हिने बॅग भरली. काही विचारलं नाही. घरात कशी छान शांतता.

शनिवार, ९ मार्च, सकाळ
मशीनरूममध्ये एकटाच. बसायला खुर्ची हवी म्हणून दारातली ओढली. दार लागलं. आतलं बटण दाबलं. ढिम्म. तेही त्याच लाइनवर. मला माहीत होतंच, फक्त आठवलं नाही. फोन बाहेर टेबलावर, व्यत्यय नको म्हणून.

लाइन चालू करून मशीन रीस्टार्ट केलं तर सुटेन. पण अहवाल तुटेल आणि शंकासुर आयुष्यभर हसेल. दुपारपर्यंत अडकलेलं बरं.

थोड्या वेळाने
ही आली. हातात बॅग. जाड काचेपलीकडून बेल दाबत होती. आत आवाज नाही. ओठांवरून कळलं: येतोस? मी एक बोट वर केलं. एकच मिनिट. ती बरीच थांबली. रीस्टार्टच्या बटणावर माझा हात होता. खरंच होता. मग तिने मान हलवली आणि गेली.

दुपार
अहवाल पूर्ण. नंबर वेगळे केले, लाइन चालू केली, रीस्टार्ट केलं. दार उघडलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

संध्याकाळ
घरी आलो. बेल वाजवली. थांबलो. पुन्हा वाजवली. शेजारच्या काकू डोकावल्या, म्हणाल्या, अरे, ती तर सकाळीच गेली ना?

किल्ली खिशातच होती.